पाणी ओसरले, बंदर उरले

मुंबईच्या मशीद बंदर स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाला समुद्र दिसत नाही. दिसतात त्या हातगाड्या, गोण्या वाहणारे हमाल आणि मसाल्याच्या वासाने भरलेल्या अरुंद गल्ल्या. मग येथे बंदर कोठले?

'बंदर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. इराणात बंदर अब्बास आहे, सौराष्ट्रात पोरबंदर. मलाय भाषेत तर या शब्दाचा अर्थच 'शहर' असा झाला. ब्रुनेईच्या राजधानीचे नाव 'बंदर' या शब्दानेच सुरू होते. मराठीने मात्र बारकावे राखले. गलबत टेकते तो बांधीव काठ म्हणजे धक्का, जहाज आत घेण्यासाठी बांधलेली जागा म्हणजे गोदी. आणि माल उतरणे, मोजणे, जकात भरणे, सौदा ठरणे हे सारे जेथे घडते ते बंदर. तेथे पाण्याइतकाच व्यवहारही महत्त्वाचा.

जैन आगमांत वस्त्यांचे प्रकार सांगताना ग्राम, नगर, खेट यांच्याबरोबर 'पत्तन' आणि 'द्रोणमुख' येतात. जेथे जलमार्ग व स्थलमार्ग दोन्ही पोहोचतात ते द्रोणमुख, असा अर्थ टीकाकार देतात आणि भृगुकच्छ म्हणजे भडोच व ताम्रलिप्ती यांची उदाहरणे सांगतात. कोकणातील जुनी खाडीबंदरे याच जातीची. चिपळूण काय, राजापूर काय, उघड्या समुद्रापासून कितीतरी आत. गलबत भरतीबरोबर खाडीतून वर येई आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. वाटेचे माध्यम जेथे बदलते, तेच खरे बंदर.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील नावे तर जणू एखाद्या पेढीच्या रोजमेळातून उचललेली आहेत. दाणाबंदर, लाकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर: जेथे जो माल उतरला, तेच त्या जागेचे नाव झाले. मशीद बंदराच्या नावामागील इतिहास अधिक वेगळा आहे. मराठी बोलणारे बेने इस्राएली आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली उभारलेल्या अशाच प्रार्थनामंदिरावरून हे नाव पडले, असे मानले जाते. याच परिसरात कच्छच्या नलियाहून आलेल्या शेठ नरशी नाथा यांच्या नावाचा रस्ता आहे आणि अनंतनाथ भगवंतांचे मंदिरही आहे. यहुदी, मुसलमान, जैन, भाटिया अशा साऱ्यांचे हिशेब एकाच बाजारात लिहिले गेले.

समुद्र दूर गेला तो माणसाच्या हातून. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. भराव पडत गेला आणि किनारा पूर्वेकडे सरकला. तरी बंदराचे नाव बाजाराने सोडले नाही, कारण व्यवहार तेथेच होता. बोरीबंदराचेही तसेच. १६ एप्रिल १८५३ रोजी तेथून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. गलबतांऐवजी गाड्या येऊ लागल्या, तरी लोक बोरीबंदरच म्हणत राहिले.

आता कसोटी निराळी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत घाऊक धान्य व मसाल्याचा मोठा व्यापार वाशीला गेला. पाणी गेल्यावर शब्दाला व्यवहाराने सांभाळले. व्यवहारही निघाल्यावर त्याला कोण सांभाळणार? कर्नाक बंदराजवळचा १८६८ सालचा पूल २०२२ मध्ये पाडला गेला आणि जुलै २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलाला 'सिंदूर' हे नाव मिळाले. इंग्रज गव्हर्नरचे नाव गेले, याची खंत करण्याचे कारण नाही. परंतु त्या नावाच्या आधाराने टिकलेला 'बंदर' हा शब्दही हळूहळू बोलण्यातून निसटेल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या जुन्या वह्या अजून जपून ठेवलेल्या असतील. त्यांतील पेढीच्या पत्त्यात 'दाणाबंदर' किंवा 'चिंचबंदर' असे लिहिलेले आढळले, तर मुलांना त्याचा अर्थ अवश्य सांगावा. आपले पूर्वज कोणत्या गावाहून, कोणत्या वाटेने आणि कोणता माल घेऊन या शहरात उतरले, याची सर्वांत लहान नोंद त्या एका शब्दात आहे.