खारीची पहिली रात्र

घरात पिल्लू आणायचं तुमचं ठरत असेल, तर आधीच सांगून ठेवते. पहिल्या रात्री झोप मिळणार नाही. मला नाही मिळाली, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनाही नाही.

खारी आली तेव्हा दोन महिन्यांची होती. आपली देशी, रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा. रस्त्यावरच्या पिल्लांना सांभाळणाऱ्या एका ताईंकडून मी तिला आणलं. ती यायच्या आधीच तारेचा क्रेट मागवला होता आणि तीन-चार व्हिडिओ बघून मी स्वतःला तज्ज्ञ समजत होते. क्रेट जोडताना आजीने विचारलं, "कोंडूनच घालायचं होतं तर आणलंस कशाला त्या जिवाला?" मी तिला गुहा, सुरक्षितता वगैरे ऐकवलं. तिने चष्मा पुसला आणि आत निघून गेली.

रात्री अकराला मी हॉलमधल्या क्रेटचं दार लावलं, दिवे मालवले आणि माझ्या खोलीत गेले. व्हिडिओत सांगितलं होतं, रडू द्या, आपोआप गप्प होईल. ती झाली नाही. पावणेदोनला इंटरकॉम वाजला, खालचे काका. बाहेर येऊन बघते तर खारी ओल्या अंथरुणावर उभी, तारा चावून हिरडीतून रक्त आलेलं. आजी जमिनीवर बसून तारेतून बोट आत घालून होती. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी मी ताईंना मेसेज टाईप केला, "मला जमत नाहीये, परत घ्याल का?" पाठवायचा धीर झाला नाही, म्हणून फोन केला. त्या म्हणाल्या, "परवापर्यंत ती भावंडांच्या अंगावर झोपत होती. तू तिला परक्या घरात, अंधारात, एकटीला ठेवलंस. तू रडली नसतीस?"

त्याच दिवशी क्रेट माझ्या पलंगाशेजारी आला, इतका जवळ की हात खाली सोडला तर तिला वास यावा. दार नाडीने उघडं बांधून ठेवलं. आत आजीच्या जुन्या लुगड्याची घडी. जेवणाची वाटी आधी दारापाशी, मग अर्ध्यावर, मग पार आत. चौथ्या दिवशी ती जेवत असताना दार नुसतं लोटलं आणि वाटी रिकामी व्हायच्या आत उघडलं. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. एकदा मी हुरळून जाऊन अर्धा तास ठेवलं आणि दुकानात गेले, तर पुढचे दोन दिवस ती आत पाय ठेवेना. आणखी एकदा चप्पल फाडली म्हणून रागाने आत ढकललं. तो माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. शिक्षेची जागा झाली की तिथे कोण सुखाने झोपेल?

मापाचंही सांगते. मी "वाढेल तेव्हा उपयोगी" म्हणून मोठा क्रेट घेतला होता. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावं, एवढीच जागा हवी. जास्त असली की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू. मी मध्ये पुठ्ठा लावला, तो तिने खाल्ला. मग कळलं, मधली जाळी खोक्यातच होती, मी उघडून पाहिलीच नव्हती.

रात्री एक आणि चारचा गजर. एवढ्या लहान पिल्लाला रात्रभर रोखून धरता येतच नाही. लसी पूर्ण झाल्या नव्हत्या, म्हणून खाली न नेता बाल्कनीत वर्तमानपत्रावर. लाड नाहीत, खेळ नाही, झालं की परत आत. आत जाताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो तारेत अडकू शकतो. आणि क्रेट उन्हात कधीच नाही.

मी घरून काम करते म्हणून हे जमलं. घरातले सगळेच नऊ-नऊ तास बाहेर असतील तर क्रेट हा त्यावरचा उपाय नाही, आणि खरं सांगू, तेव्हा पिल्लू आणूच नये.

तीन आठवडे लागले. एका दुपारी मीटिंग संपवून वळले तर खारी दिसेना. पलंगाखाली नाही, बाल्कनीत नाही. ती आपणहून क्रेटमध्ये जाऊन लुगड्यात तोंड खुपसून घोरत होती. इंटरकॉम पुन्हा वाजला नाही. तो मेसेज मात्र अजून ड्राफ्टमध्ये आहे.

परवा मावशीचा पाच वर्षांचा नातू आला होता. तो गुडघ्यांवर रांगत क्रेटमध्ये शिरायला लागला, तशी स्वयंपाकघरातून आजी ओरडली, "अरे, बाहेर ये! विचारल्याशिवाय तिच्या खोलीत जायचं नाही."