पट्ट्याची कडी

आम्ही शोधत होतो फवारणी पंपाची कडी. खुलताबादच्या मावसभावाच्या पाठीवरचा पट्टा एकाएकी सुटला, पंप कलंडला आणि कडी अद्रकीच्या वाफ्यात कुठेतरी उडाली. दोघंही ओणवे होऊन ओली माती बोटांनी चाळत होतो. "सापडली बघ," म्हणत त्यानं चिखल पुसला आणि तोंड वाकडं केलं. "हॅट, ही पितळी आहे. तुझ्या कामाची."

पितळी वस्तू चिंचेनं घासायची, हा आईचा नियम. तो मी मोडला. रात्रभर पाण्यात ठेवून जुन्या टूथब्रशनं हळूहळू माती काढली. जेमतेम पेराएवढा तुकडा. एक टोक पिंपळपानासारखं निमुळतं, दुसऱ्या टोकाला दोन भोकं. एकात रिबीट अजून घट्ट बसलेली. दुसरं रिकामं, आणि एकाच अंगाला ओढलं जाऊन लांबट झालेलं. पाठीमागे चामड्यापुरती पोकळी. चामडं कधीच मातीला मिळालं, उरला हिरवा कळंक. पितळेत ताक राहिलं की चढतो, अगदी तोच.

त्या लांबट भोकानं मला पकडून ठेवलं. कापडी पटका नुसता गाठ मारून बसतो, त्याला धातू लागत नाही. धातू लागतो चामड्याला, म्हणजे तलवारीच्या पडदळ्याला, नाहीतर घोड्याच्या सामानाला. माणूस असो की घोडा, ओझं रोज एकाच बाजूला पडत होतं एवढं ते भोक सांगतं. जिनगरानं ठोकलेली एक रिबीट टिकली, एक झिजून निसटली. मुघल फौजेतली वस्तू असेल, निजामाच्या पलटणीतलीही असेल. पुढे पट्ट्याच्या या भागाला आपण इंग्रजीतून उचललेलं 'बक्कल' म्हणू लागलो, आणि हवालदाराची ओळख त्याच्या बक्कल नंबरावर येऊन ठेपली. या तुकड्यावर नंबरही नाही.

खुलताबादेत खरं तर जो तो ठरवून आलेला. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरला वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथं आणून शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली दफन केलं. पूर्वीचं रौजा हे गाव त्याच्या 'खुल्दमकान' या मरणोत्तर किताबावरून खुलताबाद झालं. कबरीभोवतीची संगमरवरी जाळी मात्र त्यानं मागितली नव्हती, ती लॉर्ड कर्झनच्या आग्रहानं नंतर आली. पहिला निजाम १७४८ साली बऱ्हाणपुरात गेला, त्यालाही इथंच आणलं. मलिक अंबरची कबरही याच गावात. आणि भद्रा मारुती तर निवांत पहुडलेला. या गावात कुणी चुकून पोहोचल्याचं ऐकिवात नाही. ही कडी मात्र चुकून राहिली. तिला इथं कुणी आणलं नाही, पुरलं नाही, तिच्यावर फूल वाहिलं नाही. ती फक्त पडली.

इंग्लंडात असल्या पडलेल्या वस्तूंचं फार कौतुक. शेतात यंत्र फिरवून लोक बक्कलं, बटणं, पट्ट्यांची टोकं शोधतात. १९९७ पासून तिथं त्यांची रीतसर नोंद होते, आणि नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्यात. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. भंगाराच्या भावानं आमची कडी दहा रुपयांच्या आसपासही जात नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे मानानं मांडलेत, पण अडकित्ता निदान अख्खा असतो. निखळलेल्या तुकड्याला कोण काच लावणार? मला विचाराल तर सम्राटाच्या जाळीआधी मी या तुकड्याला लावली असती.

सध्या ती माझ्या टेबलावर काड्यापेटीत आहे, कापसावर. तिचा मालक त्या दिवशी काय करता झाला असेल, याचा मी मधूनमधून विचार करतो. थांबून शोधलं असेल? मागून कुणी ओरडलं असेल, चल, पुढं चल?

मावसभावानं दहा मिनिटं शोधलं. मग बांधावरच्या खताच्या गोणीची सुतळी उसवली, पट्ट्याला दोन वेढे देऊन गाठ मारली, पंप पाठीवर घेतला आणि उरलेल्या चार ओळी फवारून टाकल्या. त्याची कडी अजून त्या वाफ्यातच आहे.