जखमेचे पाठभेद

मी जेवायला बसलो होतो आणि भाचीने नॉर्वेहून फोनवर एक छायाचित्र पाठवले. चांदीसारखा लखलखीत मासा आणि त्याच्या कुशीवर रुपयाएवढी लालभडक जखम! खाली ओळ होती : ‘मामा, माझे रोजचे काम.’ बायकोने फोन उलटा करून ताटापासून दूर सरकवला.

कॉलेजची चार वर्षे ही मुलगी आमच्या घरी होती. माशांच्या रोगजंतूंचा अभ्यास करायला ट्रोम्सोला निघाली, तेव्हा मी प्राध्यापकी थाटात म्हणालो होतो, “माणसांचे रोग संपले वाटतं?” ती हसली, पण पुढे तिचे फोन मामीला येऊ लागले. माझ्या वाट्याला ‘मामा बरा आहे ना?’ एवढेच.

त्या रात्री मात्र मीच फोन लावला. तिच्याकडे दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर काळोख होता. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही.

तिने सांगितले ते असे. तिकडे समुद्रात जाळ्यांचे मोठे गोल पिंजरे टांगून त्यांत सॅमन वाढवतात. (आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचे नातेगोते काही नाही. नावे अशी फसवतात.) पाणी आठ अंशांच्या खाली गेले, की एक जंतू माशांच्या कातडीला व्रण पाडतो. तो काचेवर वाढवला, तर त्याचा थर चिकट असतो. सुईने उचलावा तर तार सुटते, म्हणून नाव ‘व्हिस्कोसा’. 2000 साली त्याचे बारसे झाले आणि त्याच साली त्याला एका घराण्यातून काढून ‘मोरिटेला’ घराण्यात दत्तक दिले! या जखमांनी मासे मरतात, आणि जगले तरी तो जखमी मासा तसाच परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे.

“मग लस नाही का?”

“आहे ना. समुद्रात सोडण्यापूर्वी एकेका माशाच्या पोटात सुई टोचून देतात. पण मामा, हा जंतू एक नाहीच. नाव एक, वंश वेगवेगळे. जुना वंश धरून लस केली, आणि गेल्या काही वर्षांत दुसराच वंश जास्त सापडायला लागला.”

“हे ओळखता कसं?”

“एकच जनुक निरनिराळ्या जंतूंतून घ्यायचं, अक्षर अक्षर लावून वाचायचं. एकच बदल कुणाकुणात आहे ते बघायचं.”

मी पाटावरून उठलोच. अहो, हा तर माझा धंदा! दरवर्षी एम. ए.च्या वर्गाला मी हेच सांगतो : दोन पोथ्यांत एकच बरोबर शब्द सापडला, तर त्यावरून काही ठरत नाही, एकच चूक सापडली, की त्या एका आईच्या लेकी समजाव्यात. मग मी नाथांवर घसरलो. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, निरनिराळे पाठ पाहून एक पाठ कसा ठरवला, वगैरे वगैरे. बऱ्याच महिन्यांनी माझे व्याख्यान कुणी मन लावून ऐकत होते.

“आणि बाकीचे पाठ?” तिने विचारले.

“तळटीपेत टाकतात. फारसे कुणी वाचत नाही.”

“आमच्या तळटीपेतला पाठच मासे मारतो रे, मामा.”

मी गप्प झालो. सतरा वर्षे शिकवतो आहे. तळटीपेतल्या पाठांकडे कधी धड पाहिले नव्हते. तिच्या बाबतीत मी केलेला शेराही आठवला. पण तो फोनवर मागे कसा घ्यावा ते सुचेना.

“ते छायाचित्र पुन्हा पाठव,” मी म्हणालो, “आणि दोन्ही वंशांची अक्षरे शेजारी शेजारी लावून पाठव. मी बघतो.”

“तुला कळतील?”

“पाठ जुळवायला अर्थ कळावाच लागतो असं नाही.”

ती मोठ्याने हसली. बायको केव्हाची फोनसाठी हात पुढे करून उभी होती. तिकडून आवाज आला, “मामीला उद्या करते म्हणावं!” आमटी पार निवून गेली होती.