सासू-सुनेची हिब्रू

"आई, तुझं अव्वावर प्रेम आहे का गं?"

गेल्या पावसाळ्यात माझ्या दहावीतल्या लेकीनं हा प्रश्न टाकला आणि हातातलं लाटणं थांबलं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, धारवाडकडच्या. मी शहापुरातल्या मराठी घरातली. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले, तेव्हा पहिलं वर्षभर त्या माझ्याशी थेट बोलल्याच नाहीत. 'आकीगे हेळु', तिला सांग, असा सगळा कारभार मुलाकरवी. पुढं बोलणं सुरू झालं, पण ते भाजीचं, दुधाचं.

त्या पावसाळ्यात अव्वा न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. यजमान नोकरीनिमित्त कलबुर्गीला. घरात मी, माझं कॉलेज आणि अंथरुणावर त्या. नणंदेनं एका वृद्धाश्रमाचा अर्ज आणून दिला. रविवारपर्यंत कळवायचं होतं. खोटं कशाला सांगू, अर्ज बघून मला सुटल्यासारखं वाटलं. मग लेकीला 'हो' कुठल्या तोंडानं म्हणू?

त्याच सुमारास मला हिब्रूचं वेड लागलं होतं. वर्गात भाषाविज्ञान शिकवताना उदाहरणं लागतात, म्हणून शब्दकोश आणला होता. रात्री अव्वांच्या खाटेशेजारी बसून मी ती उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं लावत असे. लेकीच्या प्रश्नानंतर साहजिकच 'प्रेम' शोधलं.

पहिला शब्द सापडला 'अहावा'. हा सर्वांना पुरणारा शब्द. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात या धातूचं पहिलं रूप येतं ते बापाच्या मुलावरच्या प्रेमासाठी. पुढं नवरा-बायकोसाठी तोच आणि म्हाताऱ्या इसहाकाला आवडणाऱ्या चमचमीत जेवणासाठीही तोच! आजच्या हिब्रूत पुरुष 'ओहेव' म्हणतो आणि बाई 'ओहेवेत', म्हणजे आपल्या 'करतो-करते'सारखं. कन्नडमध्ये दोघंही 'माडतेने'च म्हणतात. आणि आमच्या बेळगावच्या बायका मराठीतही खुशाल 'मी येतो' म्हणतात, ते सोडा.

दुसरा शब्द 'दोद'. अर्थ प्रियकर आणि काकासुद्धा. पुण्याची माझी मैत्रीण हे ऐकून चक्रावली. मला काही वाटलं नाही. सख्ख्या मामाशी लग्न लागलेल्या बायका आमच्या गल्लीतच आहेत. 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं.

तिसरा 'रहामीम', म्हणजे करुणा. त्याचं नातं 'रेहेम'शी, म्हणजे गर्भाशयाशी. आपण म्हणतो 'आतडं तुटतं', कन्नडमध्ये पोटच्या पोराला 'करुळिन कुडी' म्हणतात, आतड्याचा कोंब. हिब्रू बोलणारेही माया पोटातच शोधतात, हे वाचून बरं वाटलं.

पण मी अडले ती 'हेसेद'वर. हा शब्द बायबलच्या हिब्रू भागात जवळजवळ अडीचशे वेळा येतो. मराठी भाषांतरात बहुतेकदा 'दया', कन्नडमध्ये 'कृपे'. पण दया वरून खाली येते. हेसेद म्हणजे धरलेला हात न सोडणं, बांधीलकीनं केलेलं भलं. मृताचे अंत्यसंस्कार करणं याला ज्यू परंपरेत खरं हेसेद म्हणतात, कारण त्याची परतफेड होण्याची आशाच नसते. कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. या शब्दापाशी त्याही घटकाभर थांबल्या असतील का, असं मनात येऊन गेलं.

हेसेद समजून घ्यायला मी रूथचं छोटंसं पुस्तक उघडलं आणि निघाली सासू-सुनेचीच गोष्ट. तीही सीमेवरची! दुष्काळामुळं बेथलेहेमची नामी नवऱ्यासह मवाब देशात जाते. मुलं तिथल्याच मुली करतात. नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. परत निघताना नामी सुनांना आपापल्या माहेरी जायला सांगते. अर्पा रडते, सासूचा मुका घेऊन परत फिरते. परमुलखातली रूथ मात्र सासूला धरून राहते. तिथं 'दावाक' हे क्रियापद आहे, चिकटून राहणं. उत्पत्तीत नवऱ्यानं बायकोला धरून राहावं असं येतं, तिथंही हेच.

मी पेन्सिल घेऊन मोजलं. त्या चार अध्यायांत हेसेद तीनदा येतं आणि 'प्रेम करणं' एकदाच, अगदी शेवटी. तेही रूथ म्हणत नाही की नामी म्हणत नाही. शेजारपाजारच्या बायका नामीला सांगतात की ही सून तुझ्यावर प्रेम करते, सात मुलांहून ती तुला बरी आहे.

म्हणजे आधी करणं. नाव नंतर, तेही दुसऱ्यांनी ठेवलेलं.

रविवारी मी नणंदेला फोन केला. अव्वांना इथंच ठेवूया म्हटलं, पण एकटीला झेपणार नाही हेही सांगितलं. मी काही रूथ नव्हे. दिवसा एक बाई ठेवली, तिचा निम्मा पगार नणंद देते आणि महिन्यातले आठ दिवस स्वतः येऊन राहते. कधी कधी मी अजूनही चिडते. अव्वाही चिडतात.

लेकीला मी एवढंच म्हटलं, "प्रेमाचं माहीत नाही बाई, पण हात सोडलेला नाही."

परवा शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई सांगत होत्या, सून कॉलेजातून आल्याशिवाय घास उतरत नाही म्हणून."

घरी आले. अव्वा वॉकर धरून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी मला थेट विचारलं, "ऊटा आतेन?"

"इल्ल अव्वा," मी म्हटलं आणि दोघींची पानं घेतली.