शेक्सपिअरच्या गावात आई

माझी ताई बर्मिंगहॅमला नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने आईला आणि मला तिकडे बोलावून घेतले. एका रविवारी भाऊजींनी आम्हाला रेल्वेने तासाभरावरच्या स्ट्रॅटफर्डला नेले. एव्हन नदीच्या काठचे हे जुने गाव म्हणजे नाटककार शेक्सपिअरचे जन्मगाव. आमच्यासारख्या बी.कॉम. कारकुनाला शेक्सपिअर ठाऊक तो नावापुरता. आईला तर नावही नवे. तिचा जन्म कामठीत विड्या वळण्यात गेला.

हेन्ली स्ट्रीटवर त्याचे लाकडी चौकटीचे घर आहे. 1847 साली लोकवर्गणी करून 3,000 पौंडांना ते लिलावात घेतले आणि जपले. तिकीट बरेच महाग. मी मनातल्या मनात रुपये करीत बसलो, तोवर आई आत पोहोचलीही.

तिथे बापाचा कारखाना मांडून ठेवला आहे. कातडी, हातमोजे, अवजारे. बाप जॉन हा कुळाचा मुलगा, कातडे कमावून हातमोजे शिवणारा. 1552 मध्ये घरासमोर उकिरडा केला म्हणून त्याला एक शिलिंग दंड झाला, आणि 1568 मध्ये तोच गावाचा नगराध्यक्ष झाला! कागदांवर मात्र तो नाव लिहीत नसे, खूण करी. कधी कधी आपल्या धंद्यातला कंपास काढी. मी हे आईला सांगितले.

"म्हंजे माह्यावानीच," आई म्हणाली. पासपोर्टच्या अर्जावर तिने अंगठा दिला होता.

तिथून जुन्या गिल्डहॉलमध्ये गेलो. खाली गावाचा कारभार चाले, वर मुलांची शाळा भरे. शेक्सपिअर इथेच शिकला असे मानतात, हजेरीपट मात्र उरलेला नाही. बाके पाहून आईने विचारले, "त्याले पोरी होत्या का?"

होत्या, दोन. थोरली सुझाना सही करी. धाकटी ज्युडिथ मात्र 1611 च्या एका दस्तावर साक्षीदार आहे, आणि तिथे नावाच्या जागी तिची खूण आहे. ही शाळा फक्त मुलांची होती.

"एवढा लिहिणारा बाप, आन् पोरीले काहून नाई शिकवलं?"

मी काय उत्तर देणार? दहा वर्षे वस्तीतल्या विहारात मी प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतले. शेजारच्या बाया पाटी घेऊन येत. आई त्या वेळी घरी माझ्यासाठी भाकरी थापत असे. तिला चल म्हणावे, हे मला एकदाही सुचले नाही.

नाट्यगृह बाहेरूनच पाहिले. आईला आवडली ती साखळीची होडी. 1937 पासून चालते. एक माणूस हाताने चाक फिरवतो आणि होडी साखळीच्या आधाराने पलीकडे जाते. आई दोनदा बसली. भोवती पांढरे हंस, पण तिचे लक्ष त्या माणसाच्या दंडाकडे. "दिवसभर फिरवते का हा?" तिने दोनदा विचारले.

शेवटी नदीकाठचे होली ट्रिनिटी चर्च. आत वेदीपाशी शेक्सपिअर, त्याची बायको आणि सुझाना यांच्या कबरी आहेत. ज्युडिथ त्यांच्यात नाही. तिन्ही मुलगे डोळ्यांदेखत गेले, ती 77 वर्षे जगली, आणि 1662 मध्ये तिला बाहेर आवारात पुरले. नेमकी जागा आज कुणाला ठाऊक नाही. आई बाहेर येऊन गवतातल्या दगडांकडे बराच वेळ पाहत राहिली.

दाराजवळ पाहुण्यांची वही होती. मी सही केली. आईने पेन मागितले आणि सावकाश एक कैची काढली, विडीचे पान कापायची. मी शेजारी तिचे नाव लिहायला वाकलो, तर तिने वही आपल्याकडे ओढली.

"तू दुसऱ्या कागदावर लिहून दाखव. मी पाहून काढतो."

खिशातल्या रेल्वेच्या तिकिटामागे मी मोठ्या अक्षरांत तिचे नाव लिहून दिले. मागे चार-पाच गोरे खोळंबले होते. त्यांना मी हातानेच थांबा म्हटले.