27 ज्यूल

आमचं घर डिचोलीला, आजोळ पेडण्याला आणि माझी नोकरी बेळगावच्या एका फाउंड्रीत. शनिवारी चोर्ला घाट उतरून घरी यायचं, सोमवारी परत चढायचा. घरी सगळ्यांना वाटतं मी लोखंड वितळवतो. खरं तर मी कागद तपासतो.

तीन वर्षांपूर्वी जर्मनीच्या एका ऑर्डरसाठी आम्ही व्हॉल्व्हच्या बॉडी ओतल्या. पोलाद अमेरिकन मानकाचं, ए 216 डब्ल्यूसीबी. जगभर चालणारं, आमच्या हाताखालचं. पण युरोपात दाबाखाली चालणाऱ्या उपकरणांसाठी 2014/68 क्रमांकाचा निर्देश आहे. बाहेरच्या मानकाचं पोलाद त्याला वर्ज्य नाही. मात्र युरोपियन मानकांत किंवा मंजूर यादीत ते बसत नसेल, तर त्या उपकरणापुरता त्याचा वेगळा निवाडा करावा लागतो. त्याला पीएमए म्हणतात. आमचे व्हॉल्व्ह तिसऱ्या वर्गातले, म्हणजे तो निवाडा नोटिफाइड बॉडीकडे.

तिथे एक आकडा आडवा आला. पोलाद तुटण्याआधी किमान 14 टक्के ताणलं जावं, आणि 20 अंशांहून जास्त नसलेल्या तापमानाला खाच पाडलेला तुकडा तोडायला किमान 27 ज्यूल लागावेत. ताणाची काळजी नव्हती, डब्ल्यूसीबीचं मानकच 22 टक्के मागतं. पण धक्क्याची चाचणी ते मागतच नाही. 27 ज्यूल म्हणजे पावणेतीन किलो वजन मीटरभर उचलण्याइतकी शक्ती. ऐकायला किरकोळ वाटते, पण पोलाद ठिसूळ असेल तर दाबाखाली ते वाकून इशारा देत नाही, थेट फुटतं.

ग्राहकाच्या पत्रात हे लिहिलं होतं. ती ओळ मी वाचली नव्हती. प्रत्येक हीटबरोबर ओतलेले टेस्ट बार ताणाची चाचणी झाल्यावर भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत वितळलेही होते.

"दुसऱ्या हीटचे बार आहेत ना? रसायन तेच आहे," एक सहकारी म्हणाला. वाईट माणूस नव्हे तो. जहाजाची तारीख डोक्यावर होती.

त्या शनिवारी जेवताना बाबांना सांगितलं. बाबांनी सारमानसच्या जेटीवर खनिजाचे नमुने काढण्यात आयुष्य घालवलं, 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत. बार्जमधल्या मालात लोह किती, ओल किती, यावर पैसे ठरायचे. ढिगाच्या वरचा माल उन्हाने सुकलेला, म्हणून आतूनच घ्यायचा. माझं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या ढिगाचं सँपल ह्या बार्जीला लावायचं म्हणतोस?" आणि सोलकढी मागितली.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की प्रत्येक हीटमधली एक बॉडी कापू. ते बराच वेळ गप्प होते. पाच हीट, पाच बॉडी, मशीनिंगला जायला तयार. त्यांच्या जाड भागातून 10 मिलिमीटर चौरस आणि 55 मिलिमीटर लांब तुकडे काढले, खाच पाडली, लंबकाखाली तोडले. चार हीट आरामात पास. पाचवीची सरासरी 19.

रसायन तिचंही तेच होतं. भट्टीचे तक्ते काढले, तर ती उष्णोपचारात पुरेशी तापलीच नव्हती असं निघालं. त्या हीटच्या सगळ्या बॉडींवर पुन्हा उष्णोपचार केला, आणखी एक कापली. या वेळी 34. माल तीन आठवडे उशिरा गेला. दंड भरावा लागला आणि त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. आता ऑर्डर आली की ग्राहकाचं पत्र मी मोठ्याने वाचतो. ऑफिसातली पोरं हसतात.

त्या वर्षी चवथीला पेडण्याला मामाकडे गेलो, तेव्हा 19 चा आणि 34 चा असे दोन तुटके तुकडे खिशात होते. मामाच्या नातवाने ते माटोळीखाली बसून निरखले. एक आतून राखाडी, मळकट, धाग्याधाग्यांचा; दुसरा साखरेसारखा चकचकीत.

"हा चांगला," म्हणत त्याने चकचकीत उचलला. "मी ठेवू?"

ठेव म्हटलं.