पाटी एकाची, वायर दुसऱ्याची

"तू नक्की काय करतोस रे तिकडे?" हा प्रश्न मी सिंगापूरला आल्यापासून बाबांनी निदान पन्नास वेळा तरी विचारला असेल. आईला "कॉम्प्युटरचं काम" एवढं उत्तर पुरतं. बाबांना पुरत नाही. ते सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, आणि आपण दिवसभर नक्की कशाला हात लावतो हे ज्याला सांगता येत नाही तो माणूस कामच करत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. पीएचडी झाल्यावरही त्यात फरक पडला नाही. मध्यंतरी मात्र आमच्या लॅबमध्ये असा एक घोटाळा झाला (तो मीच केला होता, हे आधीच सांगून टाकतो) की तो सांगता सांगता बाबांना माझं काम एकदाचं कळलं.

तर मंडळी, तुम्ही रेल्वेचं तिकीट काढता, मोबाईलवरून पैसे पाठवता, तेव्हा कुठेतरी एका गार खोलीत रॅकवर रचलेले सर्व्हर घोंघावत असतात. अशा प्रत्येक सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याचं नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी. (मुंबईकरांनी दचकू नये, महापालिकेचा इथे काही संबंध नाही.) मोठा सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर हा जागा असतो. तापमान बघणं, पंखे कमीजास्त करणं, व्होल्टेजवर नजर ठेवणं, दुरून कुणी सांगितलं तर सर्व्हर चालू-बंद करणं ही याची कामं. बंगल्याचा वॉचमन म्हणा ना! पुष्कळ सर्व्हरवर यासाठी तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीची चिप असते. तिच्यातली एएसटी२५०० घेतली तर एकच कोअर, तोही ८०० मेगाहर्ट्झचा. तुमच्या कपाटात पडलेला जुना मोबाईलसुद्धा याहून दणकट निघेल.

पण या चिमुकल्या चिपवरही लिनक्स चालतं. २०१४ साली फेसबुकच्या काही इंजिनिअरांनी एका हॅकेथॉनमध्ये त्याची सुरुवात केली, पुढच्या वर्षी ते सगळ्यांना खुलं केलं, आणि २०१८ मध्ये आयबीएम, इंटेल, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशी एरवी एकमेकांच्या ताटात न जेवणारी मंडळी 'ओपनबीएमसी' या नावाखाली लिनक्स फाउंडेशनच्या मांडवात एकत्र आली.

आता लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. बाबांना आधी तो फौजेतला कर्नल वाटला. खरं सांगायचं तर तुलना अगदीच वाईट नाही. हाही मागे बसून हुकूम सोडतो, आणि जागेवर काय परिस्थिती आहे हे त्याला हातातल्या नकाशावरूनच कळतं.

घरच्या पीसीत हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे ग्राफिक्स कार्ड बसवलं की ते आपण कोण, कुठल्या कंपनीचे, हे विचारल्यावर स्वतःच सांगतं. व्हिजिटिंग कार्ड हातात घेऊन आलेला पाहुणाच तो. बीएमसीभोवती जी बारीकसारीक मंडळी असतात, तापमानाचे सेन्सर, पंख्यांच्या चिप्स, छोट्या मेमऱ्या, ती मात्र बहुतेक आय-टू-सी नावाच्या दोन तारांवर लटकलेली असतात. ही म्हणजे पाट्या नसलेली चाळ. खोल्यांना नंबर आहेत, दार वाजवलं तर आतून "हो" येतं, पण कोण राहतं ते काही केल्या कळत नाही. अठ्ठेचाळीस नंबरात तापमानाचा सेन्सर राहतो हे कर्नलला कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

पूर्वी हे सांगणं कर्नलच्या आतच कोंबलेलं असायचं, दर बोर्डासाठी वेगळा कोड. आर्म चिपांचे बोर्ड वाढत गेले तसा हा पसारा इतका माजला की मार्च २०११ मध्ये खुद्द लिनस टॉरवाल्ड्सचा तोल गेला आणि त्यांनी आर्मवाल्यांची चारचौघांत हजेरी घेतली. (या गृहस्थांच्या शिव्यांवर स्वतंत्र लेख होईल. असो.) त्यानंतर बोर्डाचं वर्णन कोडातून काढून वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत आर्मवर रुळली. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. कल्पना जुनीच, सन कंपनीच्या ओपन फर्मवेअरमधून आलेली. १९९४ साली तिचं आयईईई १२७५ हे मानकही झालं होतं. फाइल साधी अक्षरांतली असते: या पत्त्यावर हा सेन्सर, या पिनेवर तो दिवा, या तारेवर अमुक चिप. ती दळून बारीक करतात आणि मशीन चालू होताना कर्नलच्या हातात देतात. कर्नल ती वाचतो आणि मुकाट्याने विश्वास ठेवतो.

ही फाइल लिहिणं हे माझं काम. त्यातला पहिला नियम असा की समोर जे आहे तेच लिहायचं, तुम्हाला काय हवं आहे ते नाही. सुरुवातीला मी एकदा त्यात पंखे कुठल्या वेगाने सुरू व्हावेत याची माझी आवड लिहून ठेवली होती. तपासणाऱ्याने ती ओळ परत पाठवली. ही गोष्ट बोर्डावर आहे की तुझ्या डोक्यात, एवढंच त्याचं विचारणं होतं.

आता सिंगापूरकडे येतो, कारण घोटाळा इथल्या उकाड्यामुळे उघडकीला आला. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटर. हिवाळा नाही. बारा महिने दुपारी एकतीस-बत्तीस अंश आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. असल्या गावात हजारो सर्व्हर गार ठेवायचे म्हणजे विजेचा धूर. २०२० मध्ये देशाच्या एकूण विजेतली सुमारे ७ टक्के वीज डेटा सेंटरं खात होती. २०१९ पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत नव्या डेटा सेंटरांना सरकारने थांबवूनच ठेवलं होतं. खोलीच थोडी गरम ठेवली तर काय बिघडतं, हा विचार इथे आधीपासून चालू आहे. २०१६ मध्ये ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या चाचणीची घोषणा झाली होती, आणि जून २०२३ मध्ये खोली २६ अंश किंवा त्याहून गरम ठेवण्यासाठी खास उष्ण कटिबंधाचं मानक निघालं. खोली एक अंशाने गरम ठेवली की गारव्यावरची २ ते ५ टक्के वीज वाचते, असा त्यांचा हिशेब आहे.

तर आम्हीही एक नवा बोर्ड गरम पेटीत घालून तपासत होतो. त्यावर तापमानाचे दोन सेन्सर, अगदी एकाच जातीचे. एक पुढे, जिथून हवा आत येते. एक मागे, जिथून ती तापून बाहेर पडते. पत्ते हेक्सात ४८ आणि ४९. आदल्या बोर्डावर ४८ पुढे होता. नव्या बोर्डावर तारा सोयीच्या पडाव्यात म्हणून ४८ मागे गेला होता. मी काय केलं? जुनी फाइल कॉपी केली, नाव बदललं, दहा ओळी दुरुस्त केल्या. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. पुढचा सेन्सर आणि मागचा सेन्सर ही नावं तशीच राहिली.

सेन्सर गायब असता तर कर्नलने बोंब मारली असती. इथे दोन्ही दारांतून "हो" आलं. दोन्ही एकाच जातीचे, त्यामुळे आकडेही बिनचूक. फक्त अदलाबदल. लॅबमध्ये वरचं झाकण उघडं होतं, हवा कशीही फिरत होती, त्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच दिसायचे.

गरम पेटीत मागच्या बाजूची नेटवर्क कार्डं एकेक करून संपर्क सोडू लागली. त्या कार्डांना वारा किती द्यायचा हे मागच्या सेन्सरवरून ठरायचं, आणि "मागचा" आरामात ३५ अंश सांगत होता, म्हणून पंखेही निवांत. आम्ही तीन दिवस कार्डांना शिव्या दिल्या. नवी कार्डं मागवली. चौथ्या दिवशी आमच्या लॅबचे तंत्रज्ञ, साठीचे एक तमिळ गृहस्थ (इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना अंकल म्हणतात), पेटी उघडून मशीनच्या मागे तळहात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "धिस वन व्हेरी हॉट, लाह."

मी स्क्रीनकडे पाहिलं. आत येणारी हवा ५८ अंश. बाहेर जाणारी ३५. म्हणजे आमचा सर्व्हर एअर कंडिशनर झाला होता! तीन दिवस तो आकडा सगळ्यांसमोर होता, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक.

यापुढचं सांगायला जड जातं. चूक कुठे आहे ते मला दहा मिनिटांत कळलं. त्याच दुपारी मीटिंग होती, आणि तिथे कुणीतरी म्हणालं की बोर्ड काढणाऱ्यांनी न सांगता जागा बदललेल्या दिसतात. ते लोक दुसऱ्या देशात, मीटिंगमध्ये त्यांचं कुणी नव्हतं. मी गप्प बसलो. रात्री बोर्डाची कागदपत्रं काढून बघितली. बदलांच्या यादीत ती ओळ होती, तारखेसकट. मी वाचली नव्हती, एवढंच. आणखी एक दिवस गप्प राहिलो. परवानगी बिरवानगीवर राहणाऱ्या माणसाला नोकरीचे विचार फार लवकर सुचतात. तिसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "आणखी कुठली फाइल कॉपी केली होतीस?" तीन होत्या. त्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या.

गार खोलीत ही चूक वर्षानुवर्षं झोपून राहिली असती. १८-२० अंशांच्या हवेत पंखे निवांत असले तरी निभावतं. खोली तापवायची तर ही मोकळीक जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या एका डेटा सेंटरच्या गारवा यंत्रणेत बदल करताना झडपा बंद करायचा चुकीचा सिग्नल गेला, तापमान चढलं, आणि डीबीएस व सिटीबँकेचे सुमारे २५ लाख व्यवहार त्या दिवशी अडकले. तिथे कारण वेगळं होतं. पण गारवा गेल्यावर गोष्टी किती भराभर हाताबाहेर जातात, ते त्या दिवशी एटीएमपुढच्या लोकांनी बघितलं.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, हे तर आमच्या पॅनलसारखंच झालं."

गोष्ट मी जन्मायच्या आधीची. गळीत हंगाम संपल्यावर पॅनल रंगवायला काढले होते. रंगाऱ्याने पाट्या उतरवल्या, परत लावताना दोन पाट्या बदलल्या. बाबांनी पाटी वाचून फ्यूज काढले आणि हेल्परला मोटरची जोडणी सोडायला सांगितली. मोटर दुसरीच होती. हेल्पर वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तेव्हापासून टेस्ट लॅम्प लावून बघितल्याशिवाय बाबा कशालाच हात लावत नाहीत. घरचा बल्ब बदलतानाही नाही. लहानपणी आम्ही त्यावरून त्यांना हसायचो. कारण मात्र त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही आता काय करता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. नवा बोर्ड आला की एकजण हेअर ड्रायर घेऊन उभा राहतो, एकेका सेन्सरवर गरम हवा सोडतो, आणि दुसरा स्क्रीनवर कुठला आकडा चढतो ते बघतो. अर्ध्या तासाचं काम. हेअर ड्रायर कुठल्या खर्चात टाकायचा यावर अकाउंट्सशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

"बरोबर," बाबा म्हणाले. "आणि ते मागे हात लावून बघणारे अंकल? त्यांना काय दिलंत?"

"कॉफी पाजली."

"नुसती कॉफी?"